गोऱ्या वंशाची अट



मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो. भाषणाची सवय नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या, खोटं बोललो तर खाली ओढा.

जयंतीला आपल्या वस्तीत मुलींची सौंदर्यस्पर्धा घ्यायचं मंडळात चाललंय. मला म्हणाले, परीक्षक हो. का, तर मी कवी. कवीला सौंदर्यातलं कळतं म्हणे! मी हो म्हणालो. वर चहाही प्यालो. मग आठ दिवस डोक्यात भुंगा. म्हणून आज अमेरिकेची गोष्ट सांगतो. ज्या देशातल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली इथल्या पोरांनी नाव घेतलं, त्याच देशातली.

अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं शहर. तिथं १९२१ पासून 'मिस अमेरिका' भरायला लागली. १९२३ साली काळी माणसं त्या स्टेजवर आली ती गुलामांच्या वेषात, नाचगाण्यापुरती. पुढं नियमच केला. नियम सातवा : स्पर्धक निरोगी आणि गोऱ्या वंशाची पाहिजे. हे तोंडी नाही, कागदावर. शिवाय आपलं घराणं किती पिढ्या मागं सांगता येतं, तेही मुलीनं अर्जात भरायचं. हे वाचलं आणि मला हसू फुटलं. साला, ही तर सोयरीक! कूळ कुठलं, मूळ कुठलं, मामा कुठला.

१९५० पर्यंत तो नियम गेला. नियम गेला, पण काळी मुलगी काही स्टेजवर आली नाही. आधी आपलं राज्य जिंकावं लागायचं आणि तिथं पंच कोण बसलेले? राज्याचा मुकुट घेऊन पहिली काळी मुलगी तिथं पोचली ती १९७० साली, आयोवाची शेरिल ब्राऊन. १९५० सालीच इकडं घटनेचं सतरावं कलम लागू झालं. अस्पृश्यता नष्ट. पुढचं मी तुम्हाला काय सांगू?

आता ७ सप्टेंबर १९६८. एकाच दिवशी, एकाच शहरात दोन गोष्टी घडल्या. स्पर्धेच्या हॉलबाहेर शेकडो बाया जमल्या. बहुतेक गोऱ्या, पण फ्लो केनेडीसारखी काळी वकीलबाईही त्यांच्यात होती. त्यांनी एक कचऱ्याचा डबा ठेवला आणि त्यात उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, कंबरपट्टे, ब्रा फेकल्या. जाळलं काहीच नाही. जाळल्याची बोंब पेपरवाल्यांची. एका मेंढीला मुकुट घातला. त्यांच्या पत्रकात वंशद्वेषाचाही मुद्दा होता.

आणि त्याच रात्री जवळच्याच एका हॉटेलात पहिली 'मिस ब्लॅक अमेरिका' झाली. जिंकली सॉन्ड्रा विल्यम्स, वय १९, कॉलेजात शिकणारी. ती आफ्रिकी नाच नाचली. केस जसे उगवले तसे ठेवलेले, इस्त्री नाही. तिचं म्हणणं सरळ होतं : मिस अमेरिका आमची नाही, आम्हीही सुंदर आहोत.

बाहेरच्या बायांचं मला पटतं. सकाळी मुकादम आमची रांग लावतो, दंड बघतो, छाती बघतो, 'तू ये, तू जा' करतो. अंगाचं माप दुसऱ्यानं घेणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पण ज्याच्या घरी मुकुट कधी आलाच नाही, तो कचऱ्यात काय टाकणार? म्हणून सॉन्ड्रावर हसायची माझी हिंमत होत नाही.

१९८३ साली व्हेनेसा विल्यम्स ही पहिली काळी मिस अमेरिका झाली. ती उजळ, म्हणून निवडली, असं काळ्या लोकांतही बोललं गेलं. तिचे जुने उघडे फोटो एका मासिकानं छापले आणि जुलै १९८४ मध्ये तिला मुकुट सोडावा लागला. २०१५ साली त्याच स्टेजवरून तिची माफी मागितली. एकतीस वर्षांनी!

आपल्याकडं २०१९ साली मिस इंडियाच्या तीस मुलींचे फोटो एका पानावर छापून आले. तीस मुली आणि कातडी जणू एकीचीच. लोकांनी थट्टा केली, मीही केली. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. आमच्या फळीवर ती ट्यूब अजून आहे.

ती माझ्या बहिणीची. माझी बहीण काळी आहे. सावळी नाही, काळी. तीनदा पोहे घेऊन बसली. तिन्ही स्थळं आपलीच, भिंतीवर बाबासाहेब. तिघांनीही 'मुलगी गुणी आहे' असं कळवलं आणि विषय मिटवला. मी पेटलो, कविता लिहिली, छापून आली, टाळ्या मिळाल्या. आणि माझ्यासाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा आईला काय म्हणालो? 'जरा उजळ बघ.' हा मी. विद्रोही कवी!

परवा बहिणीला विचारलं, वस्तीत स्पर्धा झाली तर उभी राहशील का? ती भांडी घासत होती. म्हणाली, "राहीन की. नाचेन पण. पण दादा, तू त्या खुर्चीत असलास तर नाही."

मंडळाला मी नाही म्हणून सांगितलंय. मुलींना नाचू द्या, बोलू द्या, पण नंबर काढू नका, असंही सांगितलंय. त्यावर दोघं-तिघं माझ्यावर चिडलेत. रविवारी रात्री बुद्धविहारात बैठक आहे. मुलींनाही घेऊन या, अजून त्यांना कुणी विचारलेलं नाही.