साखर द्यावी आणि तांदूळ घ्यावा : मॉरिशसचा व्यापार

देशाच्या आयात-निर्यातीचे आंकडे म्हणजे रुक्ष विषय, अशी एक समजूत आहे. आणि मोठ्या देशांपुरती ती कांहीं अंशीं खरीहि आहे. भारतासारख्या विस्तीर्ण देशांत परदेशच्या व्यापारांत थोडा चढउतार झाला, तरी घरांतल्या चुलीवरचें भाताचें पातेलें सहसा डळमळत नाहीं. परंतु देश लहान असला म्हणजे गोष्ट निराळी होते. तेथें अपेक्षित जहाज आलें नाहीं, तर गृहिणीला त्याच आठवड्यांत तांदुळाचा डबा चाचपून पाहावा लागतो. हिंदी महासागरांतील मॉरिशस हें अशा देशाचें एक बोलकें उदाहरण आहे, आणि श्रोत्यांपैकीं ज्यांचीं मुळें कोंकणांत आहेत, त्यांना तें अगदींच परकेंहि वाटूं नये.

मॉरिशसचें मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरांचें, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनहि लहान. त्यावर साडेबारा लाखांच्या आसपास माणसें राहतात. जमिनींत खनिज तेल नाहीं, कोळसा नाहीं, लोखंड नाहीं. आहे तो ज्वालामुखीचा काळा दगड आणि त्यावरची माती. या मातींत डचांनीं १६३९ मध्यें जावाहून ऊस आणून लावला. १७१० मध्यें डच निघून गेले, ऊस मात्र राहिला. पुढें फ्रेंच आले. त्यांच्यापैकीं लाबूर्दोने या गव्हर्नरानें १७३५ नंतर पोर्ट लुई हें बंदर नांवारूपास आणलें. १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकून घेतलें. तथापि बेटाचें दैव ठरविणारी घटना लढाईची नव्हे, जकातीची आहे. वेस्ट इंडीजच्या साखरेवर विलायतेंत जेवढी जकात, तेवढीच मॉरिशसच्या साखरेवर, असें ब्रिटिश सरकारनें १८२५ मध्यें ठरविलें. तेव्हांपासून रानें तुटूं लागलीं, शेतांतले दगड वेंचून मधोमध त्यांचे डोंगर रचले गेले, आणि जिकडे पाहावें तिकडे ऊस दिसूं लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साखरेचे कारखाने अडीचशेंहून अधिक झाले होते.

कारखाना म्हटला कीं मजूर आले. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु त्याच्या आदल्याच वर्षापासून हिंदुस्थानांतून कराराचे मजूर नेण्यास प्रारंभ झालेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसें अशीं नेलीं गेलीं. बिहारची होतीं, तामीळ मुलखाचीं होतीं, आणि मुंबई बंदरांतून चढलेलीं कोंकणचीं मराठी माणसेंहि होतीं. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकानेंच त्याची नोंद वहींत होई. मालाचे गठ्ठे मोजावे तशीच ही मोजणी होती, हें म्हणणें कठोर वाटेल, पण खोटें नाहीं. या लोकांच्या वंशजांच्या घरीं आजहि गणपति बसतो, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सरकारी सुटी असते.

आतां हे मजूर भात खाणारे, आणि जमीन सारी उसाखालीं. तेव्हां साखर विकावी आणि त्या पैशांतून तांदूळ आणावा, असा व्यवहार पडून गेला. भातच कां पिकवीत नाहींत, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत सहज येईल. त्याचें उत्तर वाऱ्यापाशीं आहे. त्या समुद्रांत दर उन्हाळ्यांत चक्रीवादळें उठतात. वादळांत ऊस आडवा होतो, पुष्कळसा मोडतोहि, पण त्याचें मूळ जिवंत राहतें आणि तो पुन्हां फुटतो. भाताचें किंवा मक्याचें उभें पीक गेलें कीं गेलें. शिवाय एका एकरांतल्या उसाची साखर विकून जितका तांदूळ घेतां येई, तितका त्या एकरांत पिकत नसे. हिशेब बरोबर होता. जहाजें चालू असेपर्यंत तो बरोबर होता.

१९४२ मध्यें जपाननें ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. साखरेचीं पोतीं असलेल्या बेटावर खाण्याची भ्रांत पडली. सरकारनें मळेवाल्यांना उसाच्या जमिनीचा कांहीं भाग मका, कसावा, रताळीं यांसाठीं सोडावयास लावला. पिढ्यान् पिढ्या भात शिजविलेल्या घरांत मक्याचें पीठ आलें, आणि तें पोटांत गेलें तरी मनास उतरलें नाहीं. युद्ध संपतांच शेतांत पुन्हां ऊस उभा राहिला. यांत त्या लोकांचा अविचार होता असें घरबसल्या म्हणणें सोपें आहे. पण दुसरें काय करावयाचें होतें?

१९६० च्या जानेवारी-फेब्रुवारींत लागोपाठ दोन वादळें आलीं. त्यांतलें दुसरें, कॅरल, इतकें भयंकर होतें कीं त्या वर्षींचें साखरेचें उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनहि खालीं गेलें. त्याच सुमारास जेम्स मीड हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ बेटाची पाहणी करीत होते. १९६१ मध्यें त्यांचा अहवाल आला तो निराशेनें भरलेला. लोकसंख्या वाढत आहे, पीक एक, बाजार दूर. पुढें कठीण आहे. मीड यांना १९७७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि मॉरिशसच्या बाबतींत त्यांचें भाकीत साफ चुकलें असें तेव्हांपासून पुष्कळांनीं लिहिलें. परंतु पुष्कळ हातांना काम देणारे कारखाने काढा, हा सल्लाहि त्याच अहवालांत होता, आणि देशानें तो बऱ्याच अंशीं मानला. औषध घेऊन रोगी बरा झाला, तर वैद्याचें निदान चुकलें असें कसें म्हणावें?

१९६८ मध्यें देश स्वतंत्र झाला, तेव्हां निर्यातीच्या उत्पन्नांत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. १९७० मध्यें निर्यातीपुरते कारखाने काढणाऱ्यांस सवलती देणारा कायदा झाला. त्यामागें एडवर्ड लिम फॅट या प्राध्यापकांची खटपट होती. कपडे शिवण्याचे व विणण्याचे कारखाने निघाले आणि त्यांत मुख्यतः स्त्रिया काम करूं लागल्या. ज्या घरांत पूर्वीं एकट्या पुरुषाची मजुरी येई, त्या घरांत दुसरा पगार येऊं लागला. गंमत अशी कीं, बेटावर लोकर पिकत नाहीं आणि हवा तर उष्ण. तरीहि लोकरीच्या स्वेटरांसाठीं मॉरिशस जगांत प्रसिद्ध झालें. १९८५ च्या सुमारास या कारखान्यांच्या निर्यातीनें साखरेला मागें टाकलें. मात्र यांतली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. साखर विकून येणारा पैसा बहुतांशीं घरचाच. कपड्याच्या बाबतींत सूत, लोकर, यंत्रें हीं सारीं बाहेरून आणलेलीं. निर्यातीचा आंकडा फुगला तरी त्यांतला मोठा भाग आयातीच्या वाटेनें परत जातो.

साखरेलाहि एक आधार होता. १९७५ च्या लोमे करारान्वयें युरोपीय राष्ट्रें मॉरिशसची ठराविक साखर, सुमारें ४,९०,००० टन, ठरलेल्या भावानें घेत. आणि तो भाव जगाच्या बाजारभावाहून बहुधा बराच चढा असे. कपड्यांच्या बाजूस बड्या आशियाई देशांवर असलेलीं निर्यातीचीं बंधनें हा दुसरा आधार. हे दोन्ही खांब जवळजवळ एकाच वेळीं निखळले. कपड्यांचीं बंधनें १ जानेवारी २००५ रोजीं उठलीं. युरोपनें साखरेचा भाव २००६ पासून टप्प्याटप्प्यानें ३६ टक्क्यांनीं उतरविला आणि २००९ मध्यें तो जुना करारच संपला. गिरण्या बंद झाल्या. वीस वर्षें एकाच यंत्रावर बसलेल्या, लिहितां-वाचतां जेमतेम येणाऱ्या बायका पन्नाशीच्या घरांत येऊन बेकार झाल्या. ज्यांच्या भावाची ही घासाघीस झाली ते ब्रुसेल्सला आणि जिनीव्हाला बसले होते. लहान शेतकऱ्यांनीं ऊस सोडला. आज साखरेचे कारखाने तीन उरले आहेत, आणि जुन्या कारखान्यांचीं दगडी धुराडीं शेतांत एकटीं उभीं दिसतात.

उरलेल्यांनीं हातपाय मात्र गाळले नाहींत. कच्ची साखर विकण्याऐवजीं शुभ्र साखर आणि निरनिराळ्या तांबूस, सुगंधी साखरा तयार होऊं लागल्या. चिपाडें जाळून वीज निघूं लागली. परदेशी जहाजांनीं पकडलेला ट्यूना मासा पोर्ट लुईंत डब्यांत भरला जातो आणि युरोपला जातो. इतकें करूनहि अलीकडच्या वर्षांत मालाची आयात निर्यातीच्या दुपटीहून अधिक आहे. ही तूट मुख्यतः प्रवाशांच्या व पेढ्यांच्या उत्पन्नानें भरून निघते. साथीमुळें मार्च २०२० मध्यें बेटाचीं दारें बंद झालीं आणि तीं पुरतीं उघडावयास ऑक्टोबर २०२१ उजाडला, तेव्हां ही भरपाई किती नाजूक आहे तें दिसलें.

आयातींत पेट्रोल आणि डिझेल हीं प्रमुख. २००७ नंतर कित्येक वर्षें तीं मंगळूरच्या कारखान्यांतून जात होतीं. १ एप्रिल २०२१ पासून भारताशीं व्यापाराचा नवा करार अंमलांत आला. आफ्रिकेंतील देशाशीं भारतानें केलेला तो पहिलाच करार. तांदूळ मात्र अजून बाहेरूनच येतो, आणि गरिबांच्या शिध्याचा तांदूळ सरकारी महामंडळ आणवितें. जुलै २०२३ मध्यें भारतानें आपल्या बाजारांतले भाव आवरण्यासाठीं पांढऱ्या तांदुळाची निर्यात थांबविली. येथल्या गृहिणींना त्याचा दिलासा वाटला असेल. पोर्ट लुईंत तोच हुकूम चिंतेनें वाचला गेला. पुढें दिल्लीनें कांहीं शेजारी व स्नेही देशांना मोजका तांदूळ सोडला, आणि त्यांत मॉरिशसच्या नांवापुढें १४,००० टन लिहिले होते.