भाच्याच्या गाडीची चाकं

इंग्लंडात सुटे भाग आणून घरीच गाडी जोडणारे हौशी लोक आहेत. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली निघाली, तीही अशी मिळे. सुट्या भागांवर खरेदीकर नव्हता. १९७३ पासून ती केटरहॅम नावानं बनते. माझा भाचा तीच जोडत होता. पहिल्या फेरीला शेजारी माझी बहीण बसणार होती.

"मामू, तेरा इंची चाकं खुजी दिसतात. चौदा घालू?"

टायरवर १८५/६० आर १३ लिहिलेलं. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, आत तेरा इंची रिम. चाकाचा व्यास ५५२ मिलिमीटर. रिम फक्त चौदाची केली, तर ५७८! मग काटा ६० मैल दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या आसपास पळेल. ओळीत मात्रा वाढली की आम्ही कवी दुसरी काढतो, तसं इथं भिंत कमी करायची: १८५/५५ आर १४, व्यास ५५९. जमलं की!

त्यानं एक उसनं चाक बसवून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं. रिम आत जास्त शिरत होती. टायरची कड ब्रेकच्या नळीला घासली. माझ्या कागदावर ही नळी नव्हतीच.

तेराच ठेवली त्यानं. नळी मात्र नवी घालायला लावली मी.