फवारणीआधी पान उलटून पाहा



दसऱ्याच्या सुमारास ज्यांनी गुलाबाची छाटणी केली, त्यांच्या झाडांना आता तांबूस, लुसलुशीत फूट आली असेल. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत बहर येतो. पण कळ्या दिसू लागतात न लागतात तोच शेंड्यांवर हिरवट, कधी गुलाबीसर, बारीक किडे दाटीवाटीने बसलेले दिसतात. मग माणूस घाबरतो, दुकानात जातो, ‘गुलाबावरच्या किडीचं औषध द्या’ म्हणतो आणि मिळेल ती बाटली घेऊन येतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की बाटली आणण्याआधी आठवडाभर थांबा आणि रोज झाड जवळून बघा. एखादं साधं भिंग असेल तर फारच छान.

हा किडा म्हणजे मावा. आपली सोंड कोवळ्या देठात खुपसून तो रस पितो. या दिवसांत त्याच्या माद्यांना नराची गरज लागत नाही आणि त्या अंडीही घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. त्यात दोन दिवस ढगाळ हवा पडली की शेंडा भरलाच म्हणून समजा. जास्तीचा गोड रस मावा अंगाबाहेर टाकतो, त्याने खालची पानं चिकट होतात आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. मुंग्या येतात त्या या गोड रसासाठीच. मुंग्या गुलाब खात नाहीत, पण माव्याची राखण मात्र करतात. त्याच्यावर चालून येणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी ती तोडा. पाणी भरलेल्या ताटात वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. कुंडीचा काठ आणि फांद्या भिंतीला टेकू देऊ नका, एवढंच.

मुंग्या हटल्या की माव्याला खाणारे येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याची अळी मात्र कुणी ओळखत नाही आणि माझी खरी कळकळ तिच्यासाठी आहे. करडी-काळी, लांबट, अंगावर केशरी ठिपके, मगरीच्या इवल्याशा पिल्लासारखी ही अळी शेंड्यावर फिरताना दिसली की लोक तिला चिरडतात. दिसायला ती ओंगळ आहे खरी. पण मोठी होईपर्यंत ती शेकडो मावे फस्त करते. माव्याला खाणाऱ्यांच्या आणखीही काही खुणा लक्षात ठेवा. पानाच्या मागे केसासारख्या बारीक देठांच्या टोकावर पांढरी अंडी दिसली, तर ती क्रायसोपाची. माव्याच्या घोळक्यात बिनपायांची, हिरवट, सरपटणारी अळी दिसली, तर ती सिरफिड माशीची. आणि भिंगातून एखादा मावा फुगलेला, तपकिरी, कडक झालेला दिसला, त्याच्या पाठीला गोल भोक असलं, तर आनंद माना. त्याच्या पोटात वाढलेली चिमुकली गांधीलमाशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेली आहे. असा शेंडा तोडू नका.

हे पाहुणे येईपर्यंत हातात पाण्याचा पाइप असला की पुरे. सकाळी शेंड्यामागे तळहात धरायचा आणि पाण्याच्या धारेने मावा झाडून काढायचा. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. तरीही आटोक्यात आला नाही तर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून 1 लिटर पाणी करायचं, चिकटण्यापुरता मऊ साबण घालायचा. फवारणी संध्याकाळी करा, कारण निंबोळीचा कस उन्हात लवकर उतरतो.

दर पंधरवड्याला सवयीने तीव्र कीटकनाशक मारणाऱ्यांच्या बागेत मार्चनंतर काय होतं, तेही सांगतो. पानं फिकी पडतात, त्यांच्यावर बारीक पिवळे ठिपके दिसतात, मागच्या बाजूला तलम जाळं धरतं. हा लाल कोळी. याला आठ पाय असतात, हा कीटक नव्हेच, त्यामुळे पुष्कळशा कीटकनाशकांना तो दाद देत नाही. त्याला खाणारे मित्र मात्र त्याच फवारणीत मेलेले असतात. कोरड्या, धुळीच्या हवेत तो झपाट्याने वाढतो. अशा वेळी पानांची मागची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्याने धुवा. गच्चीवरच्या गुलाबाला उन्हाळ्यात याहून मोठा उपचार सहसा लागत नाही.

आता फुलकिडे. या किडीला मात्र मी हलकं घेत नाही. कळी उमलताना वाकडी होते, पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी दिसतात, पांढऱ्या-पिवळ्या फुलांवर तर फारच. अशी कळी पांढऱ्या कागदावर झटकून पाहा. पिवळसर, रेघेएवढे किडे पळताना दिसतील. ते कळीच्या आत दडून बसतात, म्हणून वरून मारलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बिघडलेल्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकाव्या, झाडाखाली सोडू नयेत. फुलकिड्यांची कोषावस्था बहुधा मातीत किंवा खाली पडलेल्या पाल्यात जाते, तेव्हा कुंडीतली वरची माती हलवा, पालापाचोळा काढा. निळे चिकट सापळे टांगा. आणि एक गोष्ट: मिरचीवर चुरडा-मुरडा आणणारे फुलकिडे गुलाबावरही येतात, नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांनाही तेच छळतात. गुलाबाच्या शेजारी मिरचीची कुंडी ठेवू नका.

जुन्या फांद्यांवर पापुद्र्यासारखी खवले कीड असेल तर ती फांदी छाटणीतच काढून जाळा. राहिलेल्या खोडावर साबणाचं पाणी लावून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. पिठ्या ढेकणालाही हाच इलाज. इथेही एक मित्र आहे, क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा. 1898 मध्ये तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि आज द्राक्ष-सीताफळाच्या बागांत मुद्दाम सोडतात. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे धागे असतात, थेट पिठ्या ढेकणासारखे. पण ती आकाराने मोठी असते आणि चटचट चालते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. ब्रश फिरवण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा, कोण चालतंय ते.

कुंडीतल्या मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी हुमणी निघते. ती वेचून काढा आणि कच्चं शेणखत घालणं थांबवा.

पानांच्या कडेला कात्रीने कापावेत असे सुबक अर्धगोल दिसले, तर ते काम पान कापणाऱ्या मधमाशीचं. ती पान खात नाही. ते तुकडे पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात नेऊन त्यांच्या डब्या वळते, प्रत्येकीत पराग भरून एकेक अंडं घालते. याच कुळातल्या माश्या तुरीच्या फुलांचं परागीभवन करतात. तिने कापलेल्या पानांनी गुलाबाचं काही बिघडत नाही. तिच्यासाठी काहीही फवारू नका.

शेवटी गुलकंद करणाऱ्यांसाठी. झाडावर रासायनिक औषध मारलं असेल तर त्या बहराच्या पाकळ्या घेऊ नका, कितीही धुतल्या तरी. हारवाल्याकडचा किंवा पुष्पगुच्छातला गुलाबही नको, त्याच्यावर काय फवारलंय ते तुम्हाला कळणार नाही. घरचाच गावठी गुलाब घ्या, सकाळी खुडा आणि पाकळ्या एकेक झटकून घ्या.