घर उचगावात, क्लायंट परदेशात, मग टेबल कुठं?

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे को-वर्किंग स्पेस. मागच्या काही भागांवर तुमचे जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न सारखा होता: "घरात एवढी जागा असताना पैसे देऊन दुसरीकडं कशाला बसायचं?" आमच्या घरातही हाच प्रश्न विचारतात, त्यामुळं उत्तर तयार आहे.

आधी थोडा इतिहास. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या एका प्रोग्रॅमरला दोन गोष्टी हव्या होत्या. स्वतंत्र काम करण्याची मोकळीक आणि ऑफिसात मिळते तशी सोबत. त्यानं एका जागेत आठवड्यातले दोन दिवस भाड्यानं घेतले, टेबलं मांडली आणि त्याला 'कोवर्किंग' नाव दिलं. पहिला महिनाभर कुणी फिरकलंच नाही! आज जगभर मोठमोठ्या कंपन्या हाच धंदा करतात. पण मूळ कल्पना मोठ्या इमारतीची नव्हती. एकट्यानं काम करणाऱ्यांनी एकत्र बसायचं, एवढीच होती.

आणि खरं सांगू का, आपल्याला ही कल्पना नवीन नाही. एमपीएससी करणारी पोरं घर असताना अभ्यासिकेत का जातात? तिथं खुर्ची वेगळी असते म्हणून नाही. शेजारचा वाचतोय म्हटल्यावर आपणही पुस्तक उघडतो, म्हणून. तालमीचंही तेच. जोर-बैठका घरच्या अंगणात पण मारता येतात, पण तालमीत चार जण मारताना बघितलं की आपलीही संख्या वाढते.

आता उचगावचं बघू. इकडं गांधीनगरची कापडाची पेठ, तिकडं गोकुळ शिरगाव एमआयडीसी, मधून पुणे-बेंगळुरू हायवे. इथं दुकानाला गाळा मिळतो, कारखान्याला शेड मिळते, पण लॅपटॉपवर काम करणाऱ्याला जागा म्हणजे बेडरूमचा कोपरा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्यासारखे कितीतरी जण पुण्याहून, बेंगळुरूहून गावी आले. त्यातले काही इथंच राहिले. पण मीटिंग चालू असताना "जरा गॅसवाला आलाय बघ" अशी हाक येते. त्यात आईची चूक नाही. तिच्या दृष्टीनं पोरगा घरात आहे, म्हणजे मोकळा आहे.

मुलींचं तर आणखी अवघड. नोकरी करणारी सून घरी बसून काम करत असेल, तर ती कामावर आहे हे घरातल्या कुणाच्या लक्षातच राहत नाही. पाहुणे आले की चहा तिनंच ठेवायचा. सकाळी डबा घेऊन ती बाहेर पडली, की मग मात्र ती 'ऑफिसला गेली' असते. काम तेच, पगार तोच. फक्त उंबरा ओलांडल्यानं त्या कामाला मान मिळतो. माझ्या मते को-वर्किंगचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो कुठल्याच जाहिरातीत नसतो.

दुसरा फायदा विजेचा आणि इंटरनेटचा. रस्त्याचं काम निघालं आणि फायबर तुटली, की अर्धा दिवस गेला. चांगल्या जागेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची लाईन असते, जनरेटर असतो. घरी एकट्यासाठी एवढं करायचं म्हटलं, तर परवडत नाही.

तिसरा फायदा समजायला कोल्हापूरचं उद्यमनगर बघा. तिथं एकाकडं लेथ असतो, दुसऱ्याकडं मिलिंग, तिसरा हीट ट्रीटमेंट करतो. एका वर्कशॉपचं अडलेलं काम पुढच्या गल्लीत होतं. को-वर्किंगमध्येही तसंच आहे. माझ्या शेजारी डिझायनर बसतो, पलीकडं जीएसटी रिटर्न भरणारी एक ताई. चहाच्या वेळी दोन वाक्यांत असे प्रश्न सुटतात, की ज्यांच्यावर मी घरी रात्रभर यूट्यूब बघत बसलो असतो. कामंही अशीच मिळतात, ओळखीतनं.

आता दुसरी बाजू. सगळ्यांनी जावंच असं माझं म्हणणं नाही. तुमच्या कंपनीचा डेटा गोपनीय असेल, तर आधी परवानगी घ्या. दिवसभर फोनवरच काम असेल, तर उघड्या हॉलमध्ये तुम्हालाही त्रास आणि शेजाऱ्यालाही. आणि वेळ बघा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. जागा आठला बंद होत असेल, तर अमेरिकेच्या क्लायंटवाल्याला तिचा उपयोग काय?

म्हणून महिन्याचे पैसे भरण्याआधी एक दिवस बसून बघा. दुपारी गर्दीच्या वेळी नेटचा स्पीड तपासा. वीज गेल्यावर किती वेळानं जनरेटर चालू होतो ते विचारा. फोनसाठी वेगळी खोली, स्वच्छ बाथरूम, पार्किंग, रात्री बाहेर पडताना रस्त्यावर उजेड, हे सगळं बघा. भिंतीवरचे इंग्रजी सुविचार बघू नका!

आणि कोल्हापुरात रोज जाणं जमत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. गावातले चार-पाच जण मिळून दुकानावरचा एखादा रिकामा मजला घ्या. भाडं, नेट, इन्व्हर्टर सारखं वाटून घ्या. भिशी चालवतो तसा हिशेब एकाकडं ठेवा आणि फोनचे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा. सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या राहतील. न्यूबर्गच्या पण राहिल्या होत्या.

पुण्याला गेलेली सगळीच पोरं हौसेनं गेलेली नाहीत. काहींचं काम इथनंही होण्यासारखं आहे, त्यांना बसायला नीट जागा हवी आहे. तुमच्या गावात असं कुणी सुरू केलं असेल, तर मला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यांच्याशीच बोलू. तोवर, काळजी घ्या, भेटूया!