डीपीखालचा हिशेब

संकोचून मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या लाइनमनबंधूंनी कृपया पुढे यावं. आजचा विषय, तीन फेजांवरच्या भाराचा समतोल, त्यांच्याच खांबावरचा आहे.

पंपांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी ज्या सांगली जिल्ह्यात आहे, तिथं पंपाच्या मोटारीविषयी प्रत्येकाला ठाम मत असतं. तीन फेजांच्या व्होल्टेजमध्ये थोडी तफावत पडली, की मोटारीच्या करंटमध्ये तिच्या कित्येक पट पडते. वाइंडिंग तापतं. पुढचं आमच्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

ही तफावत कशी आवरायची, हा गणिताचाही प्रश्न आहे. संशोधक कार्पांतिए यांनी 1962 साली इष्टतम वीजप्रवाहाचं (ऑप्टिमल पॉवर फ्लो) गणित मांडलं. पारेषणात तिन्ही फेज सारखे धरून एकाच फेजचा हिशेब केला तरी भागतं; डीपीखाली, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून घरांपर्यंत, भागत नाही. समजा, एका फेजवर 60 अँपिअर, दुसऱ्यावर 20, तिसऱ्यावर 10. बेरीज 90. तेच 30-30-30 असते, तर फेजच्या तारांत जेवढी हानी झाली असती, तिच्या दीडपट आता होते. शिवाय सुमारे 46 अँपिअर न्यूट्रलमधून परत जातात. न्यूट्रल तेवढ्याच जाडीची धरली, तर एकूण हानी सव्वादोन पटींच्या वर जाते. आणि न्यूट्रल बऱ्याचदा बारीकच असते!

त्यात 2024 पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेमुळे छपरांवर सोलर वाढलं. भर दुपारी ज्या फेजवर सिंगल फेज इन्व्हर्टर जास्त, तिथलं व्होल्टेज चढतं. संध्याकाळी तोच फेज भारानं वाकतो. खांबावर चढून फेजांचा हा भार दिवसातून दोनदा कोण जुळवणार? इन्व्हर्टरची रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरचे टॅप यांचा मेळ घालणारं गणित इथंच लागतं.

एक तक्रार मात्र यजमान म्हणून हक्कानं करतो. 13 आणि 123 नोडच्या आयट्रिपलई चाचणी-फीडरवर बरेच निबंध तपासले जातात. तिथं प्रत्येक भाराचा फेज लिहिलेला असतो. आमच्याकडे कुठलं घर कुठल्या फेजवर, हे बहुधा लाइनमनच्याच डोक्यात असतं. रात्री-अपरात्री फ्यूज उडाल्यावर सर्व्हिस वायर त्यानंच हलवलेली असते. तेव्हा सादरकर्त्यांनी हानी किती टक्के घटली हे जरूर सांगावं, पण त्यासाठी किती वायरी, कुठल्या खांबावर हलवायच्या, तेही सांगावं. आणि मूळ नोंदच चुकीची निघाली तर उत्तर किती बिघडतं, हेही.

उद्या सकाळी साडेसातला बस निघेल. गावठाणातल्या एका डीपीवर क्लॅम्प मीटरनं चारही तारांतला करंट मोजायचा आहे. आता चहा घ्या. सोबत भडंग आहे, जरा तिखट आहे.