तसबिरीची पाठ

चित्र फ्रेम करायला नेलं की आपण तासभर पट्ट्या निवडत बसतो. सोनेरी की सागवानी? मागे काय घालणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि छापील चित्राचा घात बहुधा पाठीमागूनच होतो.

रविवर्म्यांची चित्रं घ्या. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, वर वॉर्निश. तिथली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली. आज एका घरातली टवटवीत दिसते, दुसऱ्या घरातली तपकिरी पडलेली. छपाई तीच होती. पुढे नशीब ठरवलं ते पुठ्ठ्याने, भिंतीने आणि उन्हाने.

स्वस्त पुठ्ठ्यात लाकडाचा लगदा असतो. त्यातलं लिग्निन जुनं होताना आम्ल तयार होतं आणि टेकलेल्या कागदात उतरतं. माउंटच्या कडेने चित्रावर उमटलेली तपकिरी रेघ ती हीच. म्हणून माउंट आणि पाठीचा पुठ्ठा दोन्ही अ‍ॅसिड-फ्री मागा, जमल्यास सुती लगद्याचे. फ्रेमवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

चित्र पुठ्ठ्यावर सबंध चिकटवू देऊ नका. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. त्याला हलायला वाव हवा. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या, एवढ्यावर ते लटकतं. खळ पाण्याने सुटते. चिकटपट्टीचा डाग मात्र कागदात मुरतो. आणि समास कापणं? छापखान्याचं नाव बहुधा तिथेच असतं, तरी चौकटीत बसावं म्हणून लोक सर्रास कात्री चालवतात. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटतो.

माउंटचं खरं काम शोभेचं नाही, काच आणि कागद यांत अंतर ठेवण्याचं आहे. पावसाळ्यात काचेला आतून दव धरतं, वॉर्निशचं चित्र तिला चिकटतं. चिकटलंच तर ओढू नका, जाणकाराकडे न्या.

अतिनील किरण अडवणारी काच चांगलीच, पण दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतो. संग्रहालयं नाजूक कागदासाठी ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. घरात इतकं कोण मोजणार? खिडकीसमोरची भिंत टाळा म्हणजे पुष्कळ झालं.

मृगाबरोबर पावसाळा येतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, त्यामुळे ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र नको. जुन्या घरांत तसबिरी दोरीने पुढे झुकवून टांगत, तेव्हा मागे आपोआप हवा खेळे. आता आपण त्या भिंतीला सपाट टेकवतो. निदान खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. पावसाळ्यानंतर तसबीर उतरवून उलटी करा. पाठीच्या कागदाला भोकं दिसली तर कसर आत शिरलेली असू शकते; चौकट उघडून घ्या. काच पुसताना फवारा काचेवर मारू नका, फडक्यावर मारा. नाहीतर पाणी कडेने आत उतरतं.