मृत्युपत्र पेटीतच राहिले तर
(हरिहरेश्वर येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



या दक्षिण काशीत आपण वडिलांच्या नावाने पिंड ठेवतो. त्यांचे मृत्युपत्र मात्र कित्येकदा थोरल्याच्या पेटीतच राहते. वाडीची सुपारी एकटा उतरवितो आणि बहिणीस लिहून दिलेला हिस्सा कागदावरच राहतो. अशा वेळी इतर वारसांनी हताश होण्याचे कारण नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम चार वडीलधाऱ्यांसमक्ष लेखी मागणी करावी. मृत्युपत्र नोंदलेले असल्यास, ते करणाऱ्याच्या निधनानंतर दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून त्याची नक्कल मिळते. नोंदलेले नसल्यास, 1925 च्या भारतीय वारसा कायद्यान्वये जिल्हा न्यायाधीश ते हजर करण्याचा हुकूम देऊ शकतात. त्यात नेमलेला व्यवस्थापक प्रोबेट घेत नसेल, तर काम पत्करा अथवा सोडा, अशी नोटीस न्यायालय त्यास काढते. मुदतीत त्याने काम न पत्करल्यास, मृत्युपत्र शाबीत करून कारभाराचा अधिकार अन्य हक्कदारास मिळू शकतो.

येथेच केलेल्या व येथल्याच वाडीपुरत्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. मुंबईतील मिळकतीस होती, तीही संसदेने 2025 साली काढली. तथापि वाद असेल तेथे न्यायालयाचा निर्णय घेणे हिताचे.

भावाविरुद्ध अर्ज करणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु वडिलांचा अखेरचा शब्द पाळला गेला, तरच त्यांचे श्राद्ध पुरे झाले असे आम्ही मानतो.